फौजीशी लग्न: सुट्टी, क्वार्टर आणि पेन्शननंतरचं घर

खटाव तालुक्यातल्या एका 24 वर्षांच्या मुलीने विचारलंय. बी.एड. झालीय, खासगी शाळेत शिकवते. स्थळ आलंय ते मराठा लाइट इन्फंट्रीतल्या नाईकाचं, पोस्टिंग सध्या काश्मीरमध्ये. घरच्यांना स्थळ पसंत आहे, मैत्रिणी मात्र "नवरा असून नसल्यासारखा" म्हणून घाबरवतायत. तिला जाणून घ्यायचंय की फौजेतली नवरा-बायको प्रत्यक्षात कशी राहतात आणि त्या दोघांना स्वतःला या आयुष्याबद्दल काय वाटतं.

माझे यजमान याच रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून पेन्शन आले, म्हणजे निवृत्त होऊन घरी आले. त्यांच्याबरोबर मी क्वार्टरमध्ये राहिले, ते फील्डला, म्हणजे सीमेवरच्या किंवा कारवाईच्या भागातल्या पोस्टिंगला, असताना गावी सासू-सासऱ्यांजवळ राहिले, आणि पुढे समुपदेशनाचं शिक्षण घेऊन सातारा-कोल्हापूर भागातल्या फौजी कुटुंबांबरोबर काम करू लागले. म्हणून इथे लिहिलेलं सगळं जवान, नाईक, हवालदार यांच्या घरांबद्दल आहे. अधिकाऱ्यांच्या घरचं गणित बरंच वेगळं असतं.

लग्न कर किंवा करू नकोस, हे मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की या संसारात सगळ्यात अवघड असतं ते पुन्हा पुन्हा एकत्र येणं. दूर राहायची तयारी दोघंही करतात, आजूबाजूचे लोकही धीर देतात. घरी परत येण्याची तयारी मात्र कोणी करत नाही, कारण ती आनंदाची गोष्ट, तिला कसली तयारी, असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडे आलेली बहुतेक भांडणं सुट्टीत सुरू झालेली असतात, नाहीतर पेन्शन आल्यावर.

आधी वर्षाचा हिशेब समजून घे. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक सुट्टी आणि 30 दिवस कॅज्युअल मिळते. कागदावर तीन महिने दिसतात. पण पलटण एकाच वेळी सगळ्यांना सोडू शकत नाही, त्यामुळे गणपती मिळाले तर दिवाळी जाते. प्रवासही लांबचा. जम्मूहून पुण्याला येणारे आपल्याकडचे जवान वर्षानुवर्षं झेलम एक्स्प्रेसने आलेत, गाडीतच दोन रात्री जातात, आणि पोस्टवरून जम्मूपर्यंत उतरायला रस्ता आणि हवामान साथ देईल तेवढेच दिवस लागतात. उरलेल्या दिवसांवर सगळ्या घराचा हक्क असतो. विहिरीची मोटर, भावाचं लग्न, बहिणीकडची वास्तुशांत, गावची यात्रा, बँकेतलं कर्ज, आईचे डोळे दाखवायचे, हे सगळं "तो आला की" म्हणून साठवून ठेवलेलं असतं. नव्या नवरीच्या वाट्याला फार तर रात्री उरतात, आणि त्या घरात खोल्या दोनच असतील तर त्याही धड नाहीत. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितेय. लग्नाच्या बोलणीत यावर कोणी तोंड उघडत नाही.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे फील्ड आणि पीस. फील्डला बायको-मुलांना नेता येत नाही. पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, पलटण आली की साधारण दोन-तीन वर्षं तिथे राहते, पण क्वार्टरसाठी नंबर लागावा लागतो. कधी पलटण पोहोचल्यावर सहा-आठ महिन्यांनी चावी मिळते. तोवर काही जण बाहेर खोली भाड्याने घेतात, बाकीचे वाट बघतात. लग्नानंतर पहिली तीन-चार वर्षं मिळून नवरा-बायको सलग एकत्र किती राहिली हे काढलं, तर आकडा काही महिन्यांच्या वर जात नाही, अशी जोडपी मी कितीतरी पाहिलीत.

क्वार्टरचं आयुष्य मात्र बायकांना आवडतं, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. माणदेशातली मुलगी पहिल्यांदा हिस्सार किंवा जोधपूरला उतरते. तिला हिंदी येत नसतं, शेजारी गढवालची बाई, वरच्या मजल्यावर तमिळ कुटुंब. महिनाभरात ती भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करते, सहा महिन्यांत स्कूटी शिकते, एमएचमध्ये (लष्करी दवाखान्यात) मुलाला एकटी घेऊन जाते. डोक्यावर पदर ठेवायला सांगणारं कोणी नसतं. नवरा घरी जेवायला येतो ही साधी गोष्टसुद्धा तिला अपूर्वाईची वाटते. पंचवीस वर्षांच्या संसारातला सगळ्यात चांगला काळ कुठला, असं विचारलं की बायका क्वार्टरचंच नाव घेतात. पुरुष थोडं थांबून तेच सांगतात. अर्थात पीस म्हणजे रोज संध्याकाळी नवरा घरी, असं नसतं. एक्सरसाइज, कोर्स, गार्ड ड्युटी, कुठे पूर आला तर मदतीला, हे चालूच राहतं.

क्वार्टरमधली एक गोष्ट मला कधीच पटली नाही. नवऱ्याचा रँक बायकांच्याही खांद्यावर बसतो. फॅमिली वेल्फेअरच्या कार्यक्रमात कोणी कुठे बसायचं, पाहुण्या आल्या की कोणी उभं राहायचं, चहा कोणी द्यायचा, हे न लिहिता ठरलेलं असतं. आर्मी विमेन वेल्फेअर असोसिएशन (आधीचं नाव आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन), म्हणजे आपण जिला आव्वा म्हणतो, ती 1966 पासून आहे. शिवण, संगणक, वीरनारींना (वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींना) आधार अशी मोलाची कामं तिने केलीत. समजूतदार सीओ मॅडम, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या पत्नी, असल्या की पलटणीतल्या बायका किती खुलतात, तेही मी पाहिलंय. पण हजेरीची सक्ती केली की बाई तिथे फक्त गर्दी म्हणून येते. तू शिकलेली आहेस, तुला हे टोचेल. त्यावर रोज घरी भांडू नकोस. नवऱ्याच्या हातात त्यातलं फार थोडं असतं, आणि त्याला स्वतःलाही ते टोचत असतं.

आता तुझ्या नोकरीबद्दल, कारण शिकलेल्या मुलींचं लग्न सगळ्यात जास्त इथे अडकतं. खासगी शाळेतली नोकरी सोडून त्याच्यामागे फिरलीस, तर दर दोन-तीन वर्षांनी नवीन गाव. आर्मी पब्लिक स्कूलमध्ये बी.एड.वाल्यांना संधी असते. त्यासाठी त्यांची वेगळी ऑनलाइन स्क्रीनिंग परीक्षा आहे आणि सीटीईटी किंवा टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. त्या लग्नाआधी किंवा पहिल्या वर्षातच देऊन ठेव. जिल्हा परिषदेत लागलीस, तर बदल्यांमध्ये सैनिकांच्या पत्नींना विशेष संवर्गात धरतात, त्याचा फायदा महाराष्ट्रापुरता आहे. जिल्हा परिषदेची नोकरी घेतलेल्या बायकांनी क्वार्टरचा बराचसा काळ गमावलेला मी पाहिलाय, आणि नवरा पेन्शन आल्यावर त्याच पगारावर घर तरलेलंही पाहिलंय. यातलं काय निवडायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. "आमची सून नोकरी करणार नाही" हे वाक्य सासऱ्यांनी बैठकीत उच्चारलं, तर मुलाचं मत त्याच्या तोंडून ऐक. तो फोनवर नसेल तर बैठक पुढे ढकल.

तो फील्डला असतानाचे दिवस बाहेरून दिसतात तसे नसतात. गावात बाई एकटी नसते, उलट माणसांच्या गराड्यात असते. सासू, सासरे, दीर, जाऊ, आणि सगळ्यांची नजर. नवरा घरी नसलेल्या तरुण सुनेवर जरा जास्तच. ती कुठे गेली, कोणाशी हसली, फोनवर किती वेळ होती, हे काश्मीरपर्यंत पोहोचतं, आणि पोहोचेपर्यंत त्याला चार पानं फुटलेली असतात. पोस्टवर त्याला फोन करायला मिळतो तो ठरावीक वेळ, तोही रेंज असेल तर. त्या वेळात आधी आई बोलते. मग बायकोच्या हातात फोन येतो तेव्हा शेजारी सासरे बसलेले. ती "सगळं बरंय" म्हणते. तोही "इकडे सगळं बरंय" म्हणतो. दोघंही खोटं बोलतात, दोघांनाही ते कळतं, आणि दोघंही एकमेकांना जपण्यासाठीच बोलतात. वरच्या पिढीतली जोडपी मला सांगतात की 56 एपीओच्या (फौजेच्या टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर जाणाऱ्या आंतर्देशीय पत्रात जास्त बोलणं व्हायचं. उत्तराला पंधरा दिवस लागायचे, पण लिहिताना शेजारी कोणी बसलेलं नसायचं.

पुरुषांचं ऐकलंस तर वेगळंच चित्र दिसेल. त्यांना अपराधी वाटत असतं, ते कधी म्हणत नाहीत. मुलाला ताप आलाय हे फोनवर ऐकायचं आणि फोन ठेवून पहाऱ्यावर उभं राहायचं. सोबतच्या जवानाला सांगून मन हलकं होतं, पण बायकोला वाटतं ह्यांना काही पडलेलीच नाही. दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. घर आपल्याशिवाय चालतंय, चांगलं चालतंय, हे बघून त्यांना अभिमान वाटतो आणि त्याच वेळी आपली गरज संपली असंही वाटतं. एका हवालदाराने मला सांगितलं होतं की सुट्टीवर आलो की घरात माझा टॉवेल कुठला हेसुद्धा विचारावं लागतं.

म्हणून सुट्टीचे पहिले दिवस नीट सांभाळायचे असतात. तीन वर्षांचं पोर बापाला बघून आईच्या मागे लपतं. बाप दुखावतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला शिस्त लावायला निघतो. सकाळी पाचला उठा, ताटात काही टाकायचं नाही, उत्तर मोठ्याने द्या. बायकोने वर्षभर ज्या पद्धतीने घर चालवलं त्यात तो चुका काढतो. ती म्हणते, "तुम्ही दोन महिन्यांनी जाणार, निस्तरायचं मला आहे." इथून पुढे भांडण वाढत जातं. मी जोडप्यांना सांगते की पहिला आठवडाभर काहीही बदलायचं नाही, कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही, मुलांना ओरडायचं नाही. त्याने फक्त घर कसं चालतंय ते बघायचं. आणि तो यायच्या आधीच दोघांनी फोनवर ठरवायचं, की सुट्टीतले चार दिवस सासर नाही, माहेर नाही, पाव्हणे नाहीत, फक्त दोघं. परवडत नसेल तर एक दिवस सज्जनगड, एक दिवस कास, पण दोघंच. सासू नाराज होते. हे आईला मुलाने सांगायचं, सुनेने नाही.

काही वेळा तो येतो पण मनाने तिथेच असतो. अतिरेक्यांविरुद्धच्या ड्युटीवरून किंवा खूप उंचावरच्या पोस्टवरून आलेला माणूस रात्री दचकून उठतो, फटाक्याच्या आवाजाने आक्रसतो, गर्दीत घामाघूम होतो, उगाच चिडतो. महिनाभरात ते कमी होत नसेल, दारू वाढत असेल, हात उचलला जात असेल, तर "फौजी आहे, तापट असणारच" म्हणून बसू नये. लष्करी रुग्णालयांमध्ये मानसोपचारतज्ज्ञ असतात, पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्येही आहेत. नोकरीवर परिणाम होईल या भीतीने जवान जात नाहीत. ती भीती अगदी खोटी नाही, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली येऊ शकते. पण उपचार न घेता ओढत राहिलेल्या घरांची जी दशा होते, ती त्या कॅटेगरीपेक्षा फार वाईट असते. आणि मारहाण होत असेल, किंवा पैसेच पाठवत नसेल, तर बायकोने थेट त्याच्या कमांडिंग ऑफिसरला अर्ज करावा. बायकोला सांभाळत नसलेल्या जवानाच्या पगारातून तिच्या पोटगीची रक्कम कापून देण्याची तरतूद आर्मी अॅक्ट, 1950 मध्येच आहे. खूप बायकांना हे ठाऊक नसतं, आणि सासरचे ते सांगत नाहीत.

पैशाचं म्हणशील तर फौजेचा पगार वेळेवर येतो, प्रश्न असतो तो एटीएम कार्ड कोणाकडे असतं याचा. बहुतेक घरांत ते सासऱ्यांकडे किंवा थोरल्या भावाकडे असतं. त्या पगारावर धाकट्याचं शिक्षण होतं, घर बांधलं जातं, शेतात पाइपलाइन येते. यात गैर काही नाही, फौजेत मुलगा पाठवण्यामागे घराचा तो हिशेब असतोच. बायकोला सॅनिटरी पॅडसाठी सासऱ्यांकडे हात पसरावा लागतो, ते मात्र गैरच. लग्न ठरतानाच मुलाला विचार की माझ्या खात्यावर दरमहा किती येणार. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती न मागता यायला हवी.

आता कागद. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला या कामातून सर्वात जास्त कळलेली गोष्ट हीच, की बायकोचं नाव कागदोपत्री नीट लावणं ही फौजीने दिलेली सगळ्यात खरी भेट असते. लग्न झालं की आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करून दाखला घ्यायचा. मग पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघाली पाहिजे. त्या ऑर्डरमध्ये लग्नाची तारीख, तुझं नाव, जन्मतारीख जाते, आणि तिथून ते रेकॉर्ड ऑफिसला पोहोचतं. आपल्याकडे गडबड होते ती नावात. लग्नानंतर नाव बदललं, आधारवर जुनं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, आणि "उज्ज्वला"च्या स्पेलिंगचे चार प्रकार. नवरा जिवंत असताना ही दुरुस्ती एका अर्जाचं काम असते. तो गेल्यावर तिला वर्षं लागतात. मुलं झाली की त्यांच्या पार्ट टू ऑर्डर. डिपेंडंट कार्ड, कॅन्टीन कार्ड, आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन, बँकेचं नॉमिनेशन, आणि पेन्शन आल्यावर पीपीओमध्ये (पेन्शनच्या आदेशात) तुमच्या दोघांच्या नावांची जोडनोंद आणि ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. पेन्शनचं काम आता स्पर्श या ऑनलाइन प्रणालीवर चालतं, त्याचा पासवर्ड दोघांना माहीत हवा. त्याचा आर्मी नंबर तुला पाठ हवा.

हे बोलणं अशुभ समजतात. मला तसं वाटत नाही. जवानाचा मृत्यू कसा झाला यावर कुटुंबाचं पेन्शन ठरतं. साधं कौटुंबिक पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, सेवेशी संबंधित कारणाने मृत्यू झाला तर विशेष पेन्शन 60 टक्के, आणि युद्धात किंवा कारवाईत मरण आलं तर लिबरलाइज्ड पेन्शन शेवटच्या पगाराइतकं. विम्याचे पैसे मात्र नॉमिनेशनप्रमाणे जातात, आणि घरं फुटतात ती तिथे. आई-वडिलांनी पोटच्या पोराला फौजेत दिलेलं असतं, त्यांचाही वाटा हवा. तो वाटा जवानाने स्वतःच्या हाताने, सगळ्यांना सांगून लिहून ठेवावा. न सांगता लिहिलेलं नॉमिनेशन तेराव्याच्या आत बाहेर येतं.

आणखी एक, फार नकोसं पण खरं. पैसा घरात राहावा म्हणून तरुण वीरनारीचं दिराशी लग्न लावायचा दबाव आपल्याकडेही असतो. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने दिराशीच लग्न केलं तर तिचा पदकभत्ता चालू राहील, अशी अट 2017 पर्यंत खुद्द सरकारी नियमातच होती. ती अट त्या वर्षी काढली. कागदावरून गेली ती गावांमधून जायला वेळ लागतोय.

आता पेन्शनचं. जवान 15 वर्षांच्या सेवेवर पेन्शनला पात्र होतो. विशीच्या आत भरती झालेला माणूस बऱ्याचदा चाळिशीच्या आसपास घरी येतो. पेन्शन आला की गावात त्याला "मेजर" म्हणतात, मग तो हवालदार असो की नाईक. पारावर मान असतो, शाळेच्या झेंडावंदनाला बोलावणं असतं. आणि घरात त्याला नेमकी जागा नसते. वीस वर्षं बायकोने घर चालवलं, मुलांच्या शाळा बघितल्या, सासऱ्यांचं आजारपण काढलं, पाण्याच्या पाळीसाठी रात्री शेतात गेली. आता तो रोज सकाळी पाचला उठून घरभर फिरतो. मुलं दहावी-बारावीत असतात, बाप सुट्टीपुरता माहीत असलेली. ती त्याच्या शिस्तीला जुमानत नाहीत. पहिलं वर्ष तो हुकूम देतो, दुसऱ्या वर्षी गप्प होतो किंवा मित्रांबरोबर संध्याकाळी बाटली उघडतो. कॅन्टीनच्या दारूच्या कोट्याने त्याला हातभारच लागतो. मला वाटतं फौजी संसाराची खरी परीक्षा फील्डवर नसून इथे असते. त्यासाठी बायकोला कोणी तयार करत नाही आणि त्यालाही नाही.

यातून सावरलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांनी पेन्शनच्या दोन वर्षं आधीपासून बोलायला सुरुवात केलेली होती: पुढे कुठे राहायचं, दुसरी नोकरी करायची की शेती, डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) पुन्हा जायचं का, बँकेत सिक्युरिटीचं काम धरायचं का. पहिलं वर्ष पुरुषाने घरातलं एकच खातं हातात घेतलेलं असायचं, उदाहरणार्थ शेती किंवा धाकट्याचा अभ्यास, आणि बाकीच्यात बायकोचा शब्द चालायचा. एका गावात एका जोडप्याने चक्क वहीत लिहिलं होतं कोणी काय बघायचं ते. फौजेतल्या माणसाला लेखी जबाबदारी दिली की त्याला बरं वाटतं.

एक छोटी सूचना तुझ्या मैत्रिणींसाठी. स्थळ अग्निवीराचं असेल, म्हणजे 2022 नंतर त्या योजनेतून भरती झालेल्या मुलाचं, तर त्या चार वर्षांत त्याला लग्न करता येत नाही आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलांनाच कायम केलं जातं. साखरपुडा करून मुलीला थांबवून ठेवण्याआधी हे दोन्ही घरांनी समोर ठेवावं. तुझ्या बाबतीत मुलगा नाईक आहे, म्हणजे कायम नोकरीत आहे, तो प्रश्न नाही.

तुला मुलाशी बोलायला कधी मिळेल ते बघ. मोठ्यांच्या समोर नको, फोनवर चालेल. पलटण पीसला कधी येणार असा अंदाज आहे, क्वार्टर मिळालं तर मला लगेच नेशील की "आईला विचारून", माझी नोकरी, माझ्या खात्यावरचे पैसे, पेन्शननंतर कुठे राहायचं, हे विचार. उत्तरं तुला हवी तशी नसली तरी चालेल. तो "बघू नंतर" म्हणून सगळंच टाळतोय का, तेवढं पारखून घे. आणि त्याच्याच पलटणीतल्या, आत्ता नोकरीत असलेल्या एखाद्या जवानाच्या बायकोचा नंबर माग. सोबत कोणी नसताना तिच्याशी तासभर बोल. माझा काळ वेगळा होता, तुला ज्या पलटणीत संसार करायचाय तिथलं आजचं खरं तीच सांगेल.